राळेच्या दारूची आणि दोन व्याह्यांची हकीकत

ज्याने मनुष्यास दोन डोळे दिले आणि शेजाऱ्यासही दोन दिले, त्या परमेश्वरास नमन करून लिहितो ऐसे जे. शके सोळाशे ऐंशी, बहुधान्य नाम संवत्सरे, आषाढमासी राज्यात अपूर्व वर्तमान जाहले. दारूखान्याचे दारोगा गिरमाजीपंत यांणी तोफेच्या दारूत राळ घोटून अर्ज केला की, "महाराज, ही दारू पावसात सादळत नाही." आणि परात भरून ती दरबारात दिवसभर उघडी ठेविली, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि सायंकाळी बत्ती लाविली, तो भडका ऐसा उठला की कारभाऱ्यांच्या मिशा होरपळल्या. मग महाराज बहुत संतोष पावले आणि भर पावसात खाडीपार स्वारी करावी ऐसा हुकूम जाहला.

तो समुद्रकाठच्या किल्ल्याचे दारोगा त्र्यंबकजी, जे गिरमाजींचे व्याही, यांणी तीच कृती आपले येथे करून पाहिली आणि दरबारी येऊन विनविले, "महाराज, नुसता धूर निघाला. फौज पाठवू नये." मग मंडळी हसली, आणि कारभारी बोलिले, "लग्नात मानपान कमी पडला, त्याचा हा धूर! आणि महाराजांचे समक्ष पेटली ती दारू पुन्हा तपासणे म्हणजे महाराजांचे डोळ्यांवर संशय घेणे." त्र्यंबकजी गिरमाजींस इतकेच बोलिले, "व्याहीबोवा, तुमचा गणोजी पहिल्या होडीत आहे. माझा जावई आहे तो. एकवार येऊन आपले हाते करा."

गिरमाजी रागाने लाल होऊन समुद्रकाठच्या त्या किल्ल्यावर गेले, आणि आपले हाते राळ घोटली, आणि परात दिवसभर उघडी ठेवून बत्ती लाविली, आणि दारू फुसकली. पुन्हा लाविली, पुन्हा फुसकली. मग पंत ओल्या तटावर बसले आणि बोलिले, "मग दरबारात कशी पेटली हो?" त्र्यंबकजींनी पुसिले, "परात कोठे होती?" तेव्हा उमगले की महाराजांचे गुडघे दुखतात म्हणून सिंहासनाभोवती शेगड्या फुललेल्या असतात, दारू कोरडी राहिली ती त्या उबेने, राळेने नव्हे.

मग गिरमाजी तैसेच परतले आणि भर दरबारात बोलिले, "महाराज, मी चुकलो. होड्या थांबवाव्या." कारभारी तात्काळ बोलिले, "आम्हांस आधीपासूनच संशय होता." महाराजांनी होड्या थांबविल्या. मग हुकूम जाहला की, यापुढे कोणी नवी कृती सिद्ध केली तर ती दुसऱ्याने दुसरे ठिकाणी करून पाहावी, आणि तो दुसरा होता होईतो व्याही असावा.

सारांश, त्या वर्षी स्वारी जाहली नाही, सबब विजयाचे कवन कोणी रचिले नाही. गणोजी आणि होड्यांतील अवघी माणसे मात्र आपापले घरी जेवली. ऐकिले तैसे लिहिले. वाचणाराने आपले ठिकाणी पडताळून पाहावे.