सुताराचा सरळ इलाज

वाकलेलं लाकूड सरळ कसं करायचं ते मला विचारा! ओलं करा, क्लॅम्पमध्ये आवळा आणि विसरून जा. उभा जन्म हेच केलं. मग स्वतःची दोन बोटं सरळ करणं म्हणजे डाव्या हातचा मळ!

उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हळूहळू तळव्याकडे वाकायला लागली होती. दुखत नव्हती, पण तोंड धुताना करंगळी डोळ्यात जायची, खिशात हात घातला की अडकायचा. शेवटी रंधाही धड धरता येईना. रंधा सुटला तर सुतार कसला!

बाबांचे तर दोन्ही हात असेच होते. जेवणाचा डबा ते त्या वाकड्या बोटांत अडकवून दुकानात आणायचे. मी काही उद्योग करून ठेवला की त्याच मुठीने डोक्यावर टप्प करायचे आणि हसायचे. थोरल्या भावाने मात्र लहानपणी सणसणीत थपडा खाल्ल्या. मी लाडका ना! हे मी थोरल्याला आजवर ऐकवत आलोय.

तर परवा बायको बाजारात गेल्याची संधी साधली. हात कोमट पाण्यात भिजवला, टेबलावर ठेवला, वर फळी ठेवली आणि दोन क्लॅम्प आवळले. आई गं! डोळ्यांपुढे काजवे चमकले. सोडवायच्या घाईत डाव्या हाताचा धक्का लागून सरसाचा डबा कलंडला. हात बुळबुळीत, क्लॅम्प हलेना! तेवढ्यात दुरुस्तीला टाकलेली खुर्ची न्यायला शाळेतल्या मास्तरीणबाई हजर.

"बाई, हा दांडा फिरवा!"

"कुठल्या बाजूला?"

"उलट्या!"

"तुमच्या उलट्या की माझ्या?"

"कुठल्याही, पण फिरवा हो!"

बाईंनी फिरवला. आणखी आवळला! माझी किंकाळी ऐकून बायको कोपऱ्यावरून धावत आली.

"अहो, हात आहे की पाट?" म्हणत तिने मला सोडवलं आणि तसंच डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "हात टेबलावर सपाट ठेवा." ठेवला. बोटांखालून उंदीर आरामात गेला असता.

"तळव्याच्या कातडीखालचा पडदा जाड होऊन आखडतो आणि बोटांना ओढतो. ताणून सुटत नाही, उलट इजा होते. पुष्कळदा घराण्यातच असतं. छोटं ऑपरेशन करू, रंधा धराल. पुढे पुन्हा वाकायला लागली तर लगेच या. क्लॅम्प लाकडालाच ठेवा!"

जीव भांड्यात पडला. म्हटलं, "बाबांचे हात मला आठवतंय तेव्हापासून असेच. थोरल्याच्या लहानपणी सरळ होते म्हणे."

"अच्छा! म्हणजे तुम्हाला थप्पड मारायची झाली, तरी त्यांचा पंजा उघडला नसता!"

बाबांची ती टप्प आठवली आणि डोळे भरून आले. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. थोरल्याला फोन लावून सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

"लाडका म्हणे! अरे, तुझ्या सगळ्या थपडा राहिल्यात. आधी हात बरा कर, मग येतो. माझे पंजे अजून सपाट आहेत!"

ऑपरेशनची तारीख घेतली आहे. थोरल्याला मात्र कळवलेली नाही!