खालच्या थरातली कियोनो

"एवढी बाई एवढ्याशा तबकडीत मावायची कशी?" यासुजी ओगुरींनी तबकडी उलटीपालटी करत विचारलं. "या घरात मावत नव्हती ती."

"बाबा, हिच्यात वीस थर आहेत," जावई तेत्सुरो म्हणाला. "कांद्याच्या पापुद्र्यांसारखे, एकाखाली एक. लेझरचा किरण हव्या त्या थरावर नेम धरतो आणि तेवढाच वाचतो. आईंच्या सगळ्या टेपा घातल्या तरी निम्मी रिकामी राहील."

"रिकामी राहिली तर ती कियोनो नव्हे," यासुजी म्हणाले आणि तबकडी जावयाच्या हातात देऊन आपल्या खोलीत गेले.

कियोनोबाईंना जाऊन दोन वर्षं होत आली होती. श्राद्ध तोंडावर आलं होतं आणि त्यांच्या जुन्या व्हिडिओ टेपांना कपाटात बुरशी धरू लागली होती. मुलगी मिसाओ रोज कपाट उघडायची, नाक धरायची आणि नवऱ्याकडे बघायची. तेत्सुरो सुवाच्या तळ्याकाठच्या एका कंपनीत अशा बहुथरी तबकड्यांवर काम करत असे. साहेबांनी त्याला चाचणीचा प्लेअर घरी न्यायला आनंदाने परवानगी दिली. "प्रयोगशाळेत सगळं सुरळीतच चालतं," ते म्हणाले, "माणसांच्या घरात काय होतं ते बघा."

तेत्सुरोने सगळ्यात वरच्या थरावर श्राद्धासाठी निवडक फोटो घातले, मागे कोतो या तंतुवाद्याचं संथ वादन. खालच्या थरांत टेपा होत्या तशा ओतल्या. कॅमेऱ्यासमोर बाकीचे लोक हसतात. कियोनोबाई कामं सांगायच्या. कोणाला दार लावायला, कोणाला मुळे धुवायला. ते सगळं आता खाली गप्प पडून राहणार होतं.

श्राद्धाच्या दिवशी तळं गोठलं होतं आणि बर्फ पडत होतं. देवळातले भन्तेजी आले ते हात चोळतच. जाडजूड, गुलाबी गालांचा माणूस, पण थंडी सोसायची नाही. मिसाओने केरोसीनची शेगडी देव्हाऱ्याजवळ सरकवली आणि मोठी केली. प्लेअर तिच्या बरोबर वरच्या फळीवर होता, कारण विजेचं बटण तिथेच होतं.

मंत्रपठण झालं, जेवणं झाली. तेत्सुरोने फोटो सुरू केले. कियोनोबाई चेरीच्या झाडाखाली, कियोनोबाई तळ्याकाठी. यासुजींची थोरली बहीण मात्सुए रुमाल घेऊन पुढेच बसली होती. घरातल्या कोणत्याही कार्याला ती पुढेच बसे आणि कोणाचं काय चुकतंय ते बघे.

यासुजींनी घसा खाकरला. "सगळे जमलेच आहात, तर मला एक सांगायचं होतं," ते म्हणाले.

कोतो थांबला. पडद्यावरचा फोटो जागच्या जागी थिजला आणि कियोनोबाईंचा आवाज आला, खणखणीत, अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा.

"मला सगळं ऐकू येतंय हं."

यासुजींचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. भन्तेजींची चहाची वाटी ओठांपाशीच थांबली.

मात्सुए हळूच पुढे सरकली. "कियोनो," ती कुजबुजली, "तू आहेस का गं?"

"मग? माझ्याशिवाय कोण मरायला बसलंय इथे?"

आणि कोतो पुन्हा सुरू झाला.

शेगडीतली ज्योत फुरफुरली. तेत्सुरोला मात्र कारण तत्काळ कळलं होतं. घाईघाईने तो उठला आणि समजावू लागला, आणि इथेच त्याचं चुकलं.

"घाबरू नका. आई खालच्या थरात आहेत."

"खालच्या," मात्सुए म्हणाली.

"हो. वरच्या थरात नुसते फोटो आहेत. त्या खाली आहेत, चौथ्या-पाचव्या थरापासून पुढे. खालून उष्णता लागली की तबकडी जराशी वाकते, किरण घसरतो आणि त्यांचा आवाज वर येतो."

भन्तेजींनी वाटी खाली ठेवली. "एकूण थर किती म्हणालात?"

"वीस."

"आमच्या ग्रंथांत नरक आठच सांगितलेत," भन्तेजी विचारात पडून म्हणाले. "पण ते ग्रंथ फार जुने आहेत."

मात्सुएच्या रुमालाचा बोळा झाला होता. "माझी भावजय तापलेल्या पाताळात पडलीय आणि जावई सांगतो घाबरू नका. अरे, तिला वर काढायचं बघ."

"आत्या, वर काढायचं म्हणजे पुन्हा सगळं नव्याने लिहावं लागेल."

"मग लिही. ती वर येईपर्यंत मी इथून हलत नाही."

आणि खरंच, पाहुणे गेले, भन्तेजी गेले, मात्सुएची पेटी मात्र वरच्या खोलीत चढली. यासुजींना काय सांगायचं होतं ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही पुन्हा तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मात्सुए सकाळी शेगडी पेटवून प्लेअरसमोर बसू लागली. "माझ्या गुडघ्यांचं काय करू गं?" ती विचारायची. खोली चांगली तापली की उत्तर यायचं. "मीठ लाव आणि वर दगड ठेव." हे मुळ्यांच्या लोणच्याबद्दल होतं हे तेत्सुरोने तीनतीनदा सांगितलं. मात्सुएने गुडघ्यांना मीठ लावलं, वर दगड ठेवला, आणि बरं वाटतंय म्हणाली.

ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या बाईंनी हरवलेल्या मांजराबद्दल विचारलं. "मेलं स्वयंपाकघरात असेल," असं उत्तर आलं, आणि मांजर त्यांच्याच स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यामागे सापडलं. मेलेलं नव्हतं, पण बाईंनी देव्हाऱ्यापुढे संत्री आणून ठेवली. भन्तेजी एक दिवसाआड येऊन, खालच्यांना वर घेणारं सूत्र म्हणू लागले. शेगडीजवळची जागा त्यांना आवडली होती असंही मिसाओ म्हणायची.

तेत्सुरो आधी वैतागला, मग हसला आणि मग त्याला हळूहळू कसंतरी वाटू लागलं. उत्तरं फारच जुळत होती. तो ओल्या अंगाने न्हाणीघरातून बाहेर आला, की नेमकं ऐकू येई, "जमीन कोण पुसणार?" एकदा तो बाहेर निघाला असता मागून आवाज आला, "मफलर." फक्त तेवढंच. तो परत फिरला, मफलर घेतला आणि फाटकापाशी गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण कोणाचं ऐकलं.

एका दुपारी तो कामावरून लवकर परतला. मात्सुए बाजारात गेली होती. खोलीचं दार सरकवलं तर आत भट्टी पेटलेली. मिसाओ स्वेटर काढून, घामाने डबडबून प्लेअरसमोर बसली होती. ती दातांच्या दवाखान्यात काम करायची. भुताखेतांच्या गप्पांना ती तोंडावरच्या मास्कआडून हसत असे.

"तूसुद्धा?" तेत्सुरो म्हणाला.

"मला माहितीय कसं होतं ते. किरण घसरतो."

"मग?"

"मग काय. आई हाक मारते की नाही बघत होते." तिने कपाळ पुसलं. "ते तुझं यंत्र आता दुरुस्त नको करूस इतक्यात."

तो तिच्याशेजारी बसला. दोघं बराच वेळ घाम गाळत बसली. त्या दिवशी कियोनोबाई काहीच बोलल्या नाहीत.

त्यानंतर दोनच दिवसांनी यासुजींनी जावयाला अंगणातलं बर्फ काढायला बोलावलं. फावडं एकच होतं, तेव्हा बर्फ काढायचं नव्हतं हे उघड होतं.

"तळ्याच्या रस्त्यावर ताझुकोचं सोबाच्या शेवयांचं दुकान आहे, माहितीय?" त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं. "नवरा गेलाय तिचा. बाई चांगली आहे. मला वाटत होतं, तिला या घरी आणावं. लग्न म्हण, काही म्हण."

"अहो, मग आणा की बाबा. मिसाओ काही म्हणणार नाही."

"मिसाओचं नाही रे. श्राद्धाला तेच सांगायला मी तोंड उघडलं, आणि हिचा आवाज आला."

"बाबा, ते फार पूर्वीचं बोलणं आहे. मिसाओ दाराआड पिशवी वाजवत होती, तिला म्हणाल्या त्या."

"मलाच म्हणाली. चाळीस वर्षं तिला विचारल्याशिवाय मी छत्रीसुद्धा घेतली नाही, मला तो सूर कळतो." त्यांनी फावडं बर्फात रोवलं. "ती हो म्हणाल्याखेरीज माझ्याने होणार नाही. तिकडे ताझुको वाट बघतेय. तिचंही वय काही कमी नाही."

तेत्सुरोने सासऱ्यांचे लाल पडलेले कान पाहिले आणि ठरवलं. सुट्टीच्या दिवशी तो प्रयोगशाळेत जाऊन सगळ्या टेपा ऐकत बसला. एका टेपेत मिसाओची मैत्रीण बर्फात फाटकाशी उभी होती आणि कियोनोबाई म्हणत होत्या, "मग घेऊन ये ना तिला आत. बाहेर कशाला उभं ठेवलंस?" याहून चांगलं वाक्य मागूनही मिळालं नसतं. त्याने कोरी तबकडी घेतली. वरच्या थरावर तेच फोटो, तोच कोतो. खालच्या सगळ्या थरांवर फक्त ते एक वाक्य, पुन्हा पुन्हा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. किरण कुठेही घसरो, पडला की त्यावरच पडणार.

घरी आल्यावर त्याने कोणाच्या नकळत तबकडी बदलली आणि यासुजींना सांगितलं, "उद्या विचारून टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. भन्तेजी आपली जागा धरून बसले. मिसाओने चहा ओतला. मात्सुएने शेगडी मोठी केली. यासुजी कोट घालून, गुडघे जुळवून पडद्यासमोर बसले. खोली तापत गेली, काचांवरून पाणी ओघळू लागलं. फोटो एकामागून एक सरकत होते.

"कियोनो," यासुजी म्हणाले, "ताझुकोला घरी आणू का?"

"कोण ताझुको?" मात्सुए म्हणाली.

कोतो थांबला. फोटो थिजला, तळ्याकाठचा, ज्यात कियोनोबाई कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला बघत होत्या. तेत्सुरो त्याच बाजूला बसला होता. तो ओठांतल्या ओठांत वाक्य म्हणू लागला, मग घेऊन ये ना तिला.

"तेत्सुरो," कियोनोबाई म्हणाल्या. आवाज शांत होता, जरासा थकलेला. "तुझं बोलणं माझ्या नावावर खपवू नकोस."

कोतो पुन्हा सुरू झाला.

मिसाओने तेत्सुरोकडे पाहिलं, मग प्लेअरकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. भन्तेजी सूत्र म्हणायचं विसरले.

यासुजी मात्र उठून उभे राहिले. त्यांनी कोटाची बटणं लावली आणि टोपी घेतली.

"कुठे निघालास?" मात्सुएने विचारलं.

"ताझुकोला आणायला."

"अरे, पण ती हो कुठे म्हणाली?"

"नाहीही कुठे म्हणाली? मी एवढा धीर करून विचारलं आणि ती बोलली जावयाशी." त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, जसं मिसाओने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "तिचं लक्ष आता याच्यावर आहे, ताई. मी सुटलो."

बाहेर पडून त्यांनी फाटक लावलं तेसुद्धा हलक्या हाताने.

"तेत्सुरोसान," भन्तेजींनी अदबीने विचारलं, "काय खपवत होतात आपण?"

तेत्सुरोने मिसाओला सगळं सांगितलं. मग दोघांनी मिळून प्रयोगशाळेत नेऊन दोन्ही तबकड्या थरामागून थर तपासल्या. नव्या तबकडीत वरच्या थरात कोतो होता आणि खाली ते एकच वाक्य. जुन्या तबकडीतही शोधलं. "वेळ नको घालवूस," शेवटी मिसाओ म्हणाली. "शेवटची टेप माझ्या शाळेतली आहे. तेव्हा आईला तुझं नाव कुठून माहीत असणार?" ती रागावलेली नव्हती. येताना गाडीत तिने त्याचा मफलर नीट केला.

वसंताच्या सुरुवातीला ताझुको आली, सोबाची पोळपाट-लाटणी घेऊन. मात्सुएला आता राहायला कारण उरलं नाही. तिची पेटी टॅक्सीत ठेवून झाल्यावर तेत्सुरोने त्याचं नाव घेतलेली ती तबकडी दोन्ही हातांत धरून, कंबरेत वाकून तिच्यापुढे केली.

"आत्या, तुमच्याकडे ठेवा ना. तुम्हालाच सोबत होईल."

मात्सुएने तबकडीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"इतके दिवस मी त्या शेगडीपुढे भाजून निघाले," ती म्हणाली, "पण एकदाही मला 'वन्सं' म्हणून हाक मारली नाही तिने. तुला मात्र नावाने. ठेव तुझ्याकडेच."

आणि तिने टॅक्सीचं दार ओढून घेतलं.