राजारामचा डावा गाल

राजाराम स्वतःच्या डाव्या गालाला इतका घाबरायचा की चार महिने त्या बाजूची दाढीही केली नव्हती. वारा लागला, पाणी लागलं, बोलताना ओठ हलले, की गालातून करंट गेल्यासारखी कळ जायची आणि थांबायची. मग पुढची कधी येते या धास्तीत दिवस जायचा. दाढेचं दुखणं समजून दोन दाढा काढून झाल्या, कळ होती तिथंच.

"रत्नागिरीला मोठ्या डॉक्टरला दाखवूया," बायको सगुणा म्हणायची.

"इथल्या डॉक्टरानी दाढा काढल्यानी. तो तर डोकाच उघडील," राजाराम ओठ न हलवता म्हणायचा.

शिमग्यात देवाची पालखी अंगणात आली. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान राजारामच्या घराण्याचा. बोलावं तर कळ, न बोलावं तर मान चुलतभावाकडे. शेवटी त्याने सुरुवात केली, "हे देवा महाराजा..."

"होय महाराजा," गाव म्हणालं.

आणि कळ आली. राजाराम गाल धरून थरथरला, डोळे पांढरे झाले.

"देव आला अंगात," शेजारच्या विठूने हात जोडले. ढोल थांबले. "देवा, शेताचा बांध माझा की नितेशचा?"

'अरे, दुखतंय' एवढंच सांगायला राजारामने तोंड उघडलं, तर दुसरी कळ.

"हुंकार दिलान. बांध माझाच."

बांधापलीकडच्या नितेशने तोच प्रश्न उलटा विचारला. त्यालाही हुंकार मिळाला. दोघे एकमेकांच्या अंगावर धावले, मागे आणखी वीस माणसं प्रश्न घेऊन उभी. आता संध्याकाळपर्यंत सुटका नाही, हे राजारामला कळून चुकलं.

तेवढ्यात सगुणा पुढे झाली. तिने त्याच्या कपाळाला अंगारा लावला आणि डाव्या गालाला लावता लावता विचारलं, "देवा, माझ्या घोवाला रत्नागिरीच्या डॉक्टरकडे नेऊ काय?"

राजाराम जिवाच्या आकांताने ओरडला.

"न्या म्हणतोय," गाव एकमुखाने म्हणालं.

दुसऱ्या दिवशी दोन रिक्षा भरून गाव दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी कापूस गालाला जेमतेम टेकवला, राजाराम खुर्चीतून उडाला.

"दाढा बिचाऱ्या उगीच गेल्या," त्या म्हणाल्या. "हे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. क्वचित होतं, म्हणून पटकन ओळखू येत नाही."

डोक्याचा फोटो काढला, उघडलं काही नाही. गोळ्या लागू पडल्या. पंधरा दिवसांनी राजाराम दोन्ही गालांना साबण लावून बसला, पण भीती गेली नव्हती. आता ती देवाची होती.

"सगुणे, देव कुठला गं, नस होती ती. पण तुझ्या प्रश्नाला नेमकी येवढी मोठी कळ आली, तो तरी देवच ना?"

"देवच," सगुणा त्याच्या हातात वस्तरा देत म्हणाली. "अंगारा चोळणारं बोट तेवढं माझं."