झाकणावरची खाच

त्या दिवशी पुंडलिकनगरात कित्येक दिवसांनी नळाला पाणी येणार होतं, त्यामुळे सकाळ ठरलेल्या क्रमाने पार पडत होती. प्रेरणाने नळाची तोटी उघडी ठेवून खाली पातेलं लावलं, म्हणजे पहिली धार वाजली की कळावं. इंद्रजीतने मोटारीची पिन तपासली, गच्चीवर जाऊन पाइपाचं टोक टाकीत सोडलं आणि ते घसरू नये म्हणून वर वीट ठेवली. चहा झाला. कप हातात घेऊन दोघं पातेल्याकडे कान लावून बसले, जसं शेजारच्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी बसलेलं होतं.

या फावल्या वेळात एक मोठं काम उरकायचं, असं इंद्रजीतने ठरवलं होतं.

त्याची आई गीताबाई लेकीकडे, फुलंब्रीला गेली होती. जाताना सागवानी नक्षीदार पेटी टेबलावर ठेवून तिने बजावलं होतं, की बिजागरीचा स्क्रू निखळलाय, तेवढा बसव. बुद्धपौर्णिमेला पेटीतलं पांढरं लुगडं काढायचंय. मग उंबऱ्यात थांबून म्हणाली, "माझ्यामागं पेटी तुझी का करुणाची, ते मी आल्यावर ठरवीन. जो नीट सांभाळील त्याची."

हे इंद्रजीतला झोंबलं. करुणा त्याची धाकटी बहीण. लहानपणी तिने कंपासपेटीसुद्धा धड सांभाळली नव्हती. आणि आपण, महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारा माणूस, एक स्क्रू पिळून आपली योग्यता सिद्ध करणार? त्याने पेटीचा पूर्ण जीर्णोद्धार करायचं मनाशी पक्कं केलं.

पेटी आजोबांची, धोंडिबांची. ते लासूर स्टेशनच्या अडतीवर हमाली करत असताना शेठजींनी जुनी झाली म्हणून त्यांना दिलेली. चारी बाजूंनी वेली, कोपऱ्यांत मोर, आणि झाकणाच्या मधोमध तळहाताएवढी ओबडधोबड खाच. ती उंदरांनी कुरतडली असणार, असं इंद्रजीत लहानपणापासून धरून चालला होता. आई दरवर्षी पौर्णिमेआधी पेटीला जवसाचं तेल चोळायची आणि खाचेत अंगठ्याने थोडं जास्तच जिरवायची, लेकराच्या गुडघ्याला मलम लावावं तसं. जखम आहे म्हणूनच तर! तेव्हा ती भरून काढली, की आई खूश.

"लाकूड म्हणजे शेवटी सेल्युलोज आणि लिग्निन," तो प्रेरणाला म्हणाला. "समजून घेतलं तर अवघड काही नाही."

"आईंनी स्क्रू सांगितलाय," प्रेरणा म्हणाली.

या घरात कुणाला दृष्टीच नाही, याचा त्याला संताप आला. त्याच संतापात त्याने बाजारातून आणलेल्या, मळल्यावर थोड्या वेळात कडक होणाऱ्या पुट्टीच्या दोन वड्या एकत्र मळल्या, गोळा खाचेत दाबला आणि चमच्याच्या टोकाने कमळ कोरायला घेतलं. पुट्टी चमच्याला चिकटली, बोटांना चिकटली, चष्म्याच्या काडीलाही चिकटली. चिकटायला तयार नव्हती ती फक्त स्वतःला, पाकळी म्हणून. बऱ्याच खटपटीनंतर जे उमललं, ते पाहून तो आणखी चिडला आणि त्यावर अंगठा दाबला.

एवढ्यात समोरचा सोमनाथ पाणी आलं का विचारायला डोकावला. वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झालेला, गणेशोत्सवाआधी शाडूच्या मूर्ती करून साऱ्या गल्लीत वाटणारा गृहस्थ. तो झाकणावर वाकला.

"काय करायले सर हे?"

"कमळ."

"गोबी वाटायली." मग त्याने डोळे बारीक केले. "कडंला जुन्या नक्षीच्या रेघा राह्यल्यात बघा. त्या धरून गेलं की बसतं बराबर."

"मग तुम्हीच करा की सगळं! मी कशाला बसलोय?" इंद्रजीत उसळला.

त्याच क्षणी पातेलं वाजलं. प्रेरणाने मोटार लावली, आणि पाठोपाठ जिन्यावरून पाण्याचा लोंढा उतरू लागला. गच्चीवरची वीट घसरली होती. इंद्रजीत वर धावला. त्याने विटेला शिव्या घातल्या, पाइपाला घातल्या, पाइप बनवणाऱ्याला घातल्या, आणि नखशिखांत भिजून, टाकी भरल्याशिवाय खाली उतरला नाही.

खाली सोमनाथ नव्हता. झाकणावर गणपती होता. सुंदर, प्रसन्न, हातात मोदक घेतलेला. सोंडेचं वळण कडेच्या जुन्या रेघेला असं जुळलं होतं, की सांधा शोधून सापडू नये. इंद्रजीतने बोट लावलं. पुट्टी कडक झाली होती.

धोंडिबांपासून या घरात देव नव्हता. आता होता, तोही आईच्या पेटीवर!

तो ओल्या कपड्यांनीच सोमनाथच्या दारात जाऊन उभा राहिला. सोमनाथ पिंप भरत होता. विचारल्याशिवाय हात लावायचा अधिकार कुणी दिला, असं इंद्रजीतने कडाडून विचारलं. सोमनाथला कळेना. "तुम्हीच म्हणले की, करा म्हणून," तो गोंधळून म्हणाला. "आन् मी काय नवीन केलं? कान, सोंड, सगळ्याच्या रेघा व्हत्या. तिथं मुळात तोच व्हता सर."

मुळात तोच होता? मग गेला कसा?

उत्तर गाडीतून उतरत होतं. करुणाच्या नवऱ्याला शहरात काम निघालं, म्हणून त्याच्याच गाडीने गीताबाई ठरल्याआधीच परतल्या होत्या. त्या घरात शिरल्या, टेबलापाशी थांबल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. इंद्रजीत, मागोमाग सोमनाथ, दोघंही उभेच राहिले.

"आई, तिथं उंदरांनी..."

"उंदरानं नाय, माणसानं केलंय ते." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "छप्पन साली तुझा आजा नागपूरहून दीक्षा घेऊन आला, तसा पटाशी घेऊन बसला. हात फुटले, पर सगळं तासूनच उठला. घरात त्याच्या हातची तेवढीच एक खूण व्हती. ती तू बुजवली."

"मग कधी सांगितलं का नाहीस?" इंद्रजीतचा पारा चढला, कारण दुसरं काही चढवायला उरलं नव्हतं.

"विचारलंस कधी? जन्मभर तेल जिरवताना बघितलंस मला." त्या उठून खिडकीशी गेल्या. "जावईबापू, गाडी बंद करू नका. पेटी करुणाकडं जाईल."

सोमनाथने हात जोडले. "आक्का, मला ठाव नव्हतं हो."

"तुमच्यावर राग नाय माझा," गीताबाई म्हणाल्या. राग कुणावर होता, हे सांगायची गरज नव्हती.

स्वयंपाकघरातून सुरी आणून इंद्रजीतने पेटी जमिनीवर घेतली आणि तो तिच्यापुढे मांडी घालून बसला. आजोबांनी तासलं, आपणही तासायचं. हात फुटले तर फुटू देत. त्याने सुरीचं पातं कडेला घातलं, दम धरला आणि हलकेच दाबलं. टक्कन आवाज झाला. वर्षानुवर्षं तेल प्यालेल्या लाकडाने पुट्टीला धरलंच नव्हतं. गणपती अख्खा, मोदकासकट, त्याच्या तळहातावर आला. आणि खाली ती खाच, पटाशीच्या घावाघावासकट, होती तशी.

पराक्रमाची तयारी करून बसलेल्या माणसाला एवढं सोपं पडणं अपमानास्पद असतं. त्याने मूर्ती दोन्ही हातांनी सोमनाथला दिली. सोमनाथने ती कपाळाला लावली आणि तो आपल्या घरी गेला.

मग इंद्रजीतने खणातून पेचकस काढला आणि बिजागरीचा स्क्रू बसवला. चहा गाळायला लागतो तेवढाच वेळ लागला. झाकण उघडून, मिटून पाहिलं. कुरकुरलं नाही.

बाहेर जावईबापूंनी हॉर्न वाजवला. गीताबाईंनी खिडकीतून हातानेच त्यांना जायला सांगितलं, आणि जवसाच्या तेलाची वाटी इंद्रजीतपुढे सरकवली. त्याने अंगठा बुडवला. बोटांना चिकटलेली पुट्टी मात्र अजून निघाली नव्हती.