हवा भरल्यावरचं माप

तीस वर्षांच्या शिंपीकामात मास्तरांचं माप एकदाही चुकलं नव्हतं! असं ते स्वतःच सांगत, आणि गळ्यात टेप असताना त्यांना खोटं पाडायची कुणाची छाती नव्हती. पोट आत ओढून उभं राहिलेलं गिऱ्हाईक ते दुकानाच्या दारातच ओळखायचे. "श्वास सोडा साहेब," म्हणायचे आणि वर पँटीच्या कमरेत दोन बोटं जास्त धरायचे.

अशा माणसाने लेकीच्या सायकलचं टायर मोजायला घेतलं, यात नवल ते काय?

लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत. गेल्या वर्षी डोंगरातल्या सायकल शर्यतीत ती उतारावरच्या खडीच्या वळणावर घसरली आणि गुडघ्याला सात टाके पडले. जन्मभर टाके घालणाऱ्या मास्तरांना ते सात बघवले नाहीत. आता पुन्हा तीच शर्यत, पुन्हा तेच वळण! भिंगरी आठ महिने सराव करत होती आणि मास्तर आठ महिने त्या वळणावर उपाय शोधत होते. रुंद टायर खडीत घसरत नाही, एवढं त्यांच्या कानावर आलं. झालं!

शर्यतीच्या आदल्या दुपारी, भिंगरी कॉलेजात असताना, मास्तर सायकलच्या दुकानात हजर झाले.

"मास्तर, हे फारच रुंद होईल," दुकानदार म्हणाला. "मागच्या चाकाला फ्रेममध्ये जागा कमी असते."

"मला माप शिकवतोस?"

त्यांनी दुकानातच टायरला टेप लावली. घरी येऊन फ्रेमला लावली. दोन्हीकडे बोटभर जागा! दोन्ही टायर चढवली, पंप मारून दमले तेव्हा अर्धीमुर्धी हवा भरून थांबले. चाकं झकास फिरली. मग सायकलवर अस्तराचं कापड पांघरलं.

"अहो, तिला विचारलंत का?" बायकोने विचारलं.

"सकाळी तिथेच दाखवणार! तू बोलू नकोस!"

भिंगरीला त्यांनी "धुतलीय, वाळू दे," असं सांगून सायकलीजवळ फिरकू दिलं नाही. सकाळी शेजाऱ्यांच्या टेम्पोतून बापलेक डोंगराच्या पायथ्याशी पोहोचले. शर्यतीला पाऊण तास होता. मास्तरांनी ऐटीत कापड ओढलं.

"बाबा! हे काय केलंत?"

"रुंद टायर! आता घसर बघू!"

 भिंगरीने टायर दाबून पाहिलं, पंप काढला आणि आधी पुढे, मग मागे नेहमीसारखी हवा भरली. टायर फुगलं. फुगतच गेलं! मागचं चाक खर्रर्र करून फ्रेमला घासलं आणि थांबलं ते थांबलंच.

मास्तर बघतच राहिले. जन्मभर गिऱ्हाइकांची पोटं ओळखली आणि या मेल्या टायरने पोट आत ओढून माप दिलं!

"जुनी टायर कुठायत?" भिंगरीचा आवाज रडवेला झाला होता.

मास्तरांनी घाईघाईने घरी फोन लावला.

"एकच आहे!" पलीकडून बायको ओरडली. "दुसऱ्याचे तुकडे करून तुम्हीच काल मशीनच्या पायांखाली घातलेत ना, खडखड थांबावी म्हणून!"

"एक तर एक! आण लवकर!"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीचे आठ महिने आपण एका दुपारीत पाण्यात घातले, हे त्यांना लख्ख कळलं. "चुकलो गं," ते म्हणाले. तीस वर्षांत हा शब्द पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून बाहेर पडला.

भिंगरीने पुढचं चाक फिरवलं. "हे फिरतंय बाबा. पुढे जागा आहे. रुंद पुढे राहू दे, जुनं मागे घालू."

दहा मिनिटं उरलेली असताना आई स्कूटरवरून आली, टायर खांद्याला अडकवलेलं, केस विस्कटलेले. तिघांनी मिळून ते चढवलं. हवा भरल्यावर मास्तरांनी चाक तीनदा फिरवून पाहिलं. शिट्टी वाजली!

खडीच्या वळणावर मास्तर डोळे मिटून उभे होते. दोन सायकली घसरल्याचा आवाज आला. त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला. "उघडा डोळे," ती म्हणाली. "वळून गेलीसुद्धा आपली भिंगरी!"

भिंगरी चौथी आली. गुडघे शाबूत होते. मास्तरांनी तिला जवळ घेतलं आणि ते सगळ्यांसमोर रडले.

दुसऱ्या एका मुलीचे वडील, कुठल्याशा ऑफिसातले मोठे साहेब, सायकल निरखत होते. "पुढे रुंद, मागे अरुंद! कुणाची कल्पना?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"बाबांची," भिंगरी म्हणाली. "ते मोजल्याशिवाय काही करत नाहीत."

सोमवारी तेच साहेब पँट शिवायला दुकानात आले. पोट आत ओढून आरशासमोर ताठ उभे राहिले. मास्तरांनी कमरेभोवती टेप गुंडाळली, क्षणभर विचार केला आणि सोडून दिली.

"साहेब, जेवून आलात?"

"नाही. का हो?"

"मग आधी पोटभर जेवून या. रिकाम्याचं माप घेणं मी सोडलंय!"