बोंबलांमागचा डबा

"वहिनी, दर आठवड्याला फ्लॉपीवर कॉपी काढत जा. हा डबा म्हातारा आहे," असं शिवरामने बजावलं होतं, तेव्हा मालन नुसती हसली होती. फ्लॉपीच्या पत्र्याला स्प्रिंग असते आणि त्यात दीड वर्षाच्या चिमीचं बोट सापडू शकतं, हे तिने आधीच हेरलं होतं. घरातल्या सगळ्या फ्लॉप्या माळ्यावर गेल्या होत्या. प्लगांना चिकटपट्ट्या, टेबलाच्या कोपऱ्यांना कापूस. मालनच्या नजरेतून काही सुटत नसे.

डबा म्हणजे हार्ड डिस्क, कॉम्प्युटरच्या बाहेर वायरीने जोडायची. मालनच्या नवऱ्याने, कुंडलिकने, ती वागळे इस्टेटमधल्या आपल्या कंपनीच्या भंगारातून आणलेली आणि तिथेच मशिनं दुरुस्त करणाऱ्या शिवरामने चालू करून दिलेली. तिच्यात जनाबाईचे धवले होते. ठाण्याच्या त्या कोळीवाड्यात जनाबाई ही शेवटची धवलारीण. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत कुठे कोणतं गाणं म्हणायचं, हे आता तिलाच ठाऊक. वर्षभर ती मालनशेजारी बसून गायली आणि मालनने चिमीला मांडीवर घेऊन टाइप केलं. एकशे बारा गाणी. वही नाही, कागद नाही. त्यांचं पुस्तक निघणार होतं, आणि म्हातारी रोज दारात येऊन विचारायची, "आलं का गो माजं पुस्तक?"

यंदाच्या, म्हणजे अठ्ठ्याण्णव सालच्या, एका मंगळवारी डबा टकटक करायला लागला आणि गाणी दिसेनाशी झाली. गेल्या आठ दिवसांत जनाबाई फिरकली नव्हती, एवढीच काय ती देवाची कृपा.

बुधवारी सकाळी ड्यूटीवर जाता जाता शिवराम आला. त्याने डब्याला कान लावला.

"आतलं अडकतंय. फ्लॉप्या कुठायत?"

"माळ्यावर."

"भरलेल्या?"

"कोऱ्या."

शिवरामने डबा टेबलावर ठेवला. "एक उपाय आहे. ऐकीव आहे, पण एकदा चाललेला. फ्रीजरमध्ये ठेवा. गारठ्याने आतलं आकसतं, मग थोडा वेळ चालते. तेवढ्यात मी सगळं उतरवून घेतो. पाणी मात्र लागायला नको हां! संध्याकाळी येतो."

सासूबाईंना, मनुबाईंना, हे कळून चालणार नव्हतं. त्यांना कळलं की दुपारपर्यंत जनाबाईला कळणार. कोळ्याच्या घरात फ्रीजरची पुडी कशी बांधतात, ते मालनला पाठ होतं. दोन पिशव्या, आतली हवा काढून, वर रबर. ती पुडी तिने बोंबलांच्या पुड्यांमागे सरकवली. कुणाला म्हणून संशय येणार नाही!

आला नाहीच.

दुपारी ती चिमीला लस टोचायला घेऊन गेली. पाच वाजता परतली, तर दारात शिवराम उभा. आत येऊन तिने फ्रीजर उघडला. स्वच्छ, कोरडा, मोकळा. नुसता कापराचा वास.

"आई, यातलं कुठे गेलं?"

"उद्या मार्गशीर्षातला पयला गुरुवार नाय का?" मनुबाई समई घासत म्हणाल्या. "हितं लक्ष्मी मांडायची आन् तितं बोंबील ठेवायचे? शेजारची आवडाबाई तिकडंच चालली होती, तिच्या हाती सगल्या पुड्या जनाकडं धाडल्या. जना गुरुवार पालत नाय. म्हनते, लक्ष्मी पन दर्यातलीच, तिला वासाची सवय हाय."

"सगळ्या?"

"सगल्या. एक जरा जड होती. म्हटलं, सुरमई असंल."

मालन चिमीला कडेवर घेऊन धावली. मागे स्क्रू ड्रायव्हर हातात धरून शिवराम. गल्लीच्या टोकाला जनाबाईचं दार सताड उघडं होतं. म्हातारी पाटावर बसली होती. तिचा उजवा पाय घमेल्यातल्या वाफाळत्या पाण्यात होता, आणि पायाशेजारी डबा.

"आलीस? बरं झालं," जनाबाई म्हणाली. "मनूनं डबाबंद मासली धाडली, पन याला झाकनच नाय गो! पाय शेकाला पानी तापवलंच होतं. म्हटलं, यालाबी टाकावं, सुटंल."

शिवरामने डबा उचलला. त्याच्या चारी कोपऱ्यांतून पाणी गळलं. सवयीने त्याने कान लावला.

"आवाज थांबला," तो म्हणाला.

"बरा झाला?" मालनने विचारलं.

"नाही, वहिनी."

मालन मटकन खाली बसली, आणि बसल्यावर तिला तो पाय दिसला. घोट्यापासून टम्म, निळा-जांभळा.

"हे कधी झालं?"

"मोरीत घसरले. आठ दिस झाले."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस?"

"कोनाला सांगू? तू पुस्तकाच्या कामात. मंग मी मधी कशाला कडमडायचं?"

मग मात्र मालनला रडू आवरेना. टकटक, फ्लॉप्या, बोंबील, सगळं तिने सांगून टाकलं. जनाबाई ऐकत राहिली.

"सगली गेली?"

"सगळी."

"बरं झालं!"

मालनचं रडणं मध्येच थांबलं.

"अगो, तुजी ही पोर मांडीवर किरकिर करायची. तुजा अर्धा जीव तिच्यात. म्हनून मी एकेक गानं निम्म्यातच आवरलं. तसं छापलं असतं, तर माजी आय वरनं बोलली असती, जने, लबाड!"

घोट्याचं हाड मोडलेलं निघालं. प्लास्टर घालून जनाबाईला मालनच्याच घरी आणलं. डॉक्टरांनी सहा आठवडे हलायचं नाही म्हणून सांगितलंय. रोज दुपारी ती गाते आणि मालन वहीत लिहिते, कार्बन पेपर लावून. मनुबाई मधूनमधून चाल दुरुस्त करतात आणि त्यावरून दोघींची भांडणं होतात. पहिलं गाणं आधी नऊ कडव्यांचं होतं. ते एकोणीस कडव्यांचं भरलं.

पुस्तकाला आता वेळ लागेल. तोवर एक करा. रोज दारात येऊन तेच तेच विचारणारी एखादी म्हातारी तुमच्याही गल्लीत असेल आणि ती गेले काही दिवस फिरकली नसेल, तर ती देवाची कृपा समजू नका. आज जरा जाऊन बघून या. रिकाम्या हाताने जाऊ नका, मासळी न्या. पुडी मात्र आधी उघडून बघा.