चुकांच्या तलाठी

सुमनताई कोळेकरांनी आमच्यासाठी पहिला पंचनामा केला, तो भिंतीत अर्ध्या घुसलेल्या शेळीचा. तोंड घरात, शेपूट बाहेर, आणि शेळी निवांत रवंथ करते आहे. ही शेळी खरी नव्हे, 'माळरान' नावाच्या खेळातली. मोबाइलवर किंवा टॅबवर खेळायचा, मेंढरं घेऊन डोंगरमाळ फिरायचा हा खेळ. दुसरं कुणी असतं तर हसून फोटो काढून मोकळं झालं असतं. ताईंनी लिहिलं : 'आम्ही खाली सही करणारे पंच जायमोक्यावर हजर राहून पाहिले असता सदर शेळी पूर्वेकडील भिंतीत निम्मी गेलेली दिसली. शेळीची तक्रार नाही. सबब पंचनामा केला असे.'

मी जुळे सोलापुरात राहतो, एका कॉलेजात संगणक शिकवतो. या खेळाची मराठी विकी मी सुरू केली. विकी म्हणजे खेळणाऱ्यांनीच मिळून लिहिलेली वेबसाइट. कुठली मेंढी काय खाते, कुठला ओढा कधी आटतो, हे सगळं तिथं मिळतं. आणि एक मोठं पान खेळातल्या चुकांचं. खेळ बनवणारी मंडळी परदेशात, चारपाच जणच. पण ते हे पान वाचतात आणि दुरुस्त्या करतात. त्यामुळे त्या पानावर काय घ्यायचं आणि काय नाही, याला आमच्या छोट्या जगात फार महत्त्व.

ताई आमच्याच कॉलनीत, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. एका सकाळी गेट वाजवून त्या सरळ आत आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या त्या पानावर खोटं लिवलंय."

मी विचारलं, "कुठल्या पानावर?"

"मेंढरांच्या वाड्याचं फाटक पावसात उघडत न्हाय म्हणून लिवलंय. मी अकरा बार बघितलं. उघडतं. फाटकाला म्हस आडवी बसली तरच उघडत न्हाय. पावसाचा काय संबंध?"

साठी उलटलेल्या, नऊवारी नेसलेल्या बाई मला हे सांगत होत्या. मी त्यांना चहा दिला आणि चुकांचं अख्खं पानही देऊन टाकलं. त्या निर्णयाचा मला आजही अभिमान आहे.

ताईंनी बत्तीस वर्षं तलाठी म्हणून काढली. सांगोल्याकडच्या कोरड्या गावांत तलाठ्याला 'भाऊसाहेब' म्हणायची रीत. तिथं बाई तलाठी आली म्हणून लोकांनी रीत बदलली नाही, ताईंनाच भाऊसाहेब केलं. "भाऊसाहेब, जरा कुंकू लावून घ्या," असं गावातल्या बायका म्हणायच्या म्हणे. ताई हे सांगताना हसत नाहीत. त्यांच्या मते यात हसण्यासारखं काही नाही, पद हे पद.

दर रविवारी सकाळी आमच्या पडवीत चुकांची सुनावणी व्हायची. ताई, मी आणि श्रीनिवास. श्रीनिवास सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरातला, टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन काढणारा. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि ताईंना 'अक्का'. ताईंचा नियम साधा होता. दोन पंचांनी आपापल्या फोनवर, वेगवेगळ्या दिवशी तीच चूक पाहिली पाहिजे. जागेच्या चतुःसीमा लिहिल्या पाहिजेत. आणि कुणाचं नुकसान होतं की नुसतं हसू येतं, हे शेऱ्यात आलं पाहिजे.

श्रीनिवासला एकदा खेळात दोन चंद्र दिसले. तो धावत आला.

"आणि कुणाला दिसले?" ताईंनी विचारलं.

"कुणालाच नाही, अक्का. पण मी शपथेवर सांगतो."

"मग तो दुसरा चंद्र तुजा सोताचा. जपून ठेव. नोंद हुणार न्हाय."

वैरागच्या एका खेळाडूनं कळवलं की खेळातला दुकानदार काहीही विचारलं तरी 'उद्या या' एवढंच म्हणतो. ताईंनी अर्ज फेटाळला. शेरा : 'ही चूक नसून स्वभाव आहे.'

उजनीच्या काठावरचा एक केळीवाला शेतकरी तर हात जोडून आला, म्हणजे फोनवर. खेळात वीज नसतानाही त्याची पाण्याची मोटार चालू राहत होती. तो म्हणाला, "मॅडम, चूक हाय ते मला बी कळतंय. पण वीज नसताना मोटार चालायचं जगात एवढं एकच ठिकाण घावलंय. लिवू नका की."

ताई म्हणाल्या, "तुमचं सुख मला मान्य हाय. पण दोन पंचांनी बघितलंय. नोंद हुणार."

नोंद झाली. महिन्याभरात मोटार बंद पडली. त्या शेतकऱ्यानं आठवडाभर आमच्याशी बोलणं टाकलं.

अशा कडक कारभाराचा परिणाम व्हायचा तो झाला. खेळ बनवणाऱ्यांनी लिहून कळवलं की सगळ्या भाषांच्या विकींमध्ये मराठी पान सर्वांत भरवशाचं आहे, आणि दोन साक्षीदारांची पद्धत ते इतरांनाही सुचवत आहेत. मी ते पत्र ताईंना वाचून दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पद्धत माजी न्हाय. सरकारची हाय."

मग एका रविवारी श्रीनिवासनं मेंढ्यांचं प्रकरण आणलं.

या खेळात मेंढरं हाकायला दोन्ही हात लागतात. डाव्या अंगठ्यानं चालायचं आणि त्याच वेळी उजव्या अंगठ्यानं शिट्टी दाबून धरायची. शिट्टी सुटली की मेंढरं पांगतात. श्रीनिवासला असं आढळलं की पुढच्या मेंढीच्या गळ्यातल्या घंटेवर दोनदा बोट टेकवलं, तर दिवसभर शिट्टीची गरज पडत नाही. कळप आपोआप मागं येतो.

"अक्का, लोक हे शर्यतीत वापरतात," तो म्हणाला. "आम्ही दोन्ही हातांनी मरमर करतो आणि हे एका बोटानं जिंकतात. तीन पंच आहेत. लगेच नोंदवा."

ताईंनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारी त्या पुन्हा म्हणाल्या, "बघू." ताईंच्या तोंडी हा शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता. श्रीनिवासनं माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या रविवारी त्या आल्याच नाहीत.

अकरा वाजता मी त्यांच्या घरी गेलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. दार उघडून त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "या आत. बघाच आता."

मागच्या खोलीत खाटेवर एक म्हातारे गृहस्थ उशांना टेकून बसले होते. अंगावर घोंगडं, उजवा हात त्यावर निपचित पडलेला. समोर डब्याला टेकवलेला टॅब. डाव्या हाताचं एक बोट पडद्यावर हळूहळू सरकत होतं, आणि माळावरून पन्नासएक मेंढरं त्या बोटामागं चालली होती.

"हा माजा थोरला भाव. दादा," ताई म्हणाल्या. "अख्खी हयात मेंढरामागं गेली त्याची. आई-बाप लवकर गेले. मेंढरं राखायला खरं दोघं लागायचो आमी. पण ह्यानं मला शाळंत बसवलं आणि दोघांचं एकट्यानं राखलं. गेल्या साली वारं गेलं अंगावरनं. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मेंढरं भावकीत दिली आणि ह्याला हितं आणला. तवापासनं भितीकडं तोंड करून पडायचा. जेव म्हणलं तर तोंड मिटायचा."

त्या खाटेच्या कडेला बसल्या.

"कॉलनीतल्या एका पोरीच्या फोनात मेंढरं दिसली. म्हणलं, दाखवून तर बघू. त्यासाठी मी हा खेळ शिकले, सर. पर ह्याला एकच हात. मेंढरं पांगायची. पांगली की ह्याच्या डोळ्याला पाणी. मग एक दिस बोट चुकून घंटेवर पडलं, दोनदा. सगळी मागं आली. त्या दिशी ह्यानं भाकरी मागून घेतली."

त्या माझ्याकडे वळल्या.

"आठ महिने मला ही चूक ठावं हाय. मी नोंदली न्हाय. दुसऱ्याची मोटार बंद केली आणि घरचं झाकून ठेवलं. ही लबाडीच की."

मी म्हणालो, "ताई, एक चूक राहिली तर काय बिघडतं? मी श्रीनिवासला सांगतो."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बत्तीस वर्षांत किती जणांनी त्यांच्या टेबलासमोरून काढता पाय घेतला असेल, ते मला कळलं.

"ज्या बांधावर माजा माणूस, तितं मी कदी सही केली न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्याचा निकाल मी देणार न्हाय. श्रीनिवासनं द्यायचा. मी फक्त जबाब देणार."

पुढच्या रविवारी त्यांनी आमच्या पडवीत उभं राहून तो दिला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. श्रीनिवास खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "अक्का, मी तक्रार मागं घेतो."

"घ्यायची न्हाय. तुजी तक्रार खरी हाय. शर्यतीत अन्याव हुतोयच."

"मग मला जागा बघू द्या," तो म्हणाला.

आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. श्रीनिवास दादांच्या खाटेजवळ जमिनीवर बसला आणि तासभर पाहत राहिला. दादा मधेच एखादी मेंढी मागं राहिली की घशातून 'हुर्र' असा आवाज काढायचे. टॅबला तो ऐकू जात नव्हता. तरी ते थांबायचे, मेंढी येईपर्यंत.

बाहेर आल्यावर श्रीनिवासनं विचारलं, "अक्का, दुसऱ्याच्या रानातून लोक जात-येत असतील, आणि तो रस्ता नकाशावर नसेल, तर तुम्ही काय लिहायचा?"

ताई म्हणाल्या, "वहिवाट. रस्ता न्हाय, पर जाण्यायेण्याचा हक्क हाय."

पान श्रीनिवासनं लिहिलं, अगदी ताईंच्या भाषेत. 'सदर चूक तीन पंचांनी पाहिली. शर्यतीत तिच्यामुळे नुकसान होते, तेथे ती दुरुस्त करावी. मोकळ्या माळावर एका हाताने खेळणारी माणसे तिचा उपयोग करतात. तेथे ती चूक नसून वहिवाट आहे, कायम ठेवावी.' पहिला पंच म्हणून त्यानं स्वतःचं नाव घातलं. ताईंचं नाव कुठंच नव्हतं, आणि त्यांनी ते वाचून मान डोलावली.

मग पानाखाली लोक लिहू लागले. यंत्रात हात गेलेला एक कामगार. कडेवर तान्हं घेऊन खेळणारी कुंभारी गावची एक बाई. त्या उजनीकाठच्या शेतकऱ्यानंही लिहिलं, 'माझी मोटार गेली ती गेली, ही मेंढरं राहू द्या.'

दीडएक महिन्यानं नवी दुरुस्ती आली. शर्यतीतली घंटा बंद झाली होती. मोकळ्या माळावरची तशीच होती, आणि खेळाच्या सूचनांमध्ये ती आता एका हातानं खेळायची रीत म्हणून दिली होती. मराठी सूचनेत शब्द होता 'वहिवाट'. आमच्या पानावरून उचललेला. मी तो श्रीनिवासला फोनवर वाचून दाखवला, तेव्हा तो दोनदा म्हणाला, "परत वाचा की, सर."

संध्याकाळी मी ताईंना सांगायला गेलो. त्या दादांच्या खाटेजवळ बसल्या होत्या. ऐकून एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. रीतसर झालं." पण पदराचं टोक त्यांनी बराच वेळ बोटाला गुंडाळून धरलं होतं.

दादांनी मेंढरं वाड्यात घातली आणि बोट उचललं. मग ताईंकडे वळून जड जिभेनं काहीतरी विचारलं. मला कळलं नाही.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"मेंढरास्नी पाणी दावलं का, म्हणतोय."

त्या खेळात ओढे आहेत, पण मेंढरांना पाणी पाजायची सोय नाही. ताईंना ते माझ्याइतकंच पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी दादांचा निपचित हात घोंगड्याखाली नीट ठेवला आणि म्हणाल्या, "दावलं, दादा. समदी पोटभर प्याली."